‘एवढंसं भोक आणि बिल एवढं मोठं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी अशा: वडिलांना आधी सहा आठवडे गोळ्या आणि व्यायामावर ठेवलं, मग सकाळी मणक्याचं ऑपरेशन करून संध्याकाळी घरी धाडलं, भोक एवढंसं पण बिल भलंमोठं, आणि महिना झाला तरी पावलाचा बधिरपणा तसाच. शिवाय ‘बेड रिकामा करायला पेशंटवर प्रयोग करतात’ हेही. वडिलांचे रिपोर्ट इथे चव्हाट्यावर मांडणं मला शोभणार नाही आणि तसा अधिकारही नाही. तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय, तेवढ्याचंच उत्तर देतो.

आधी ते सहा आठवडे. दोन मणक्यांमधली गादी सरकून शीर, म्हणजे पायाकडे जाणारी नस, दबली की पाय ठणकतो, माणूस रात्रभर झोपत नाही, आणि घरचे म्हणतात, कापून टाका एकदाचं. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की विचारू नका. गणपतीवरची माटोळी (फळापानांचं छत) बांधायला घरात माझ्याशिवाय कोणी नाही, डॉक्टर, याच आठवड्यात उरका, असं सांगणारे दरवर्षी येतात. पण बाहेर आलेला गादीचा तुकडा बऱ्याच जणांत शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या, म्हणजे शीर दबून पायात कळ जाणाऱ्या, 283 रुग्णांवर झालेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेरीस दोन्ही गट सारखेच बरे होते. थांबवलेल्यांपैकी 39 टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलं, म्हणजे बाकीच्यांचं टळलं. पाऊल लुळं पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर आम्ही सहा आठवडे काय, सहा दिवसही थांबत नाही.

आता भोक. पूर्वी कंबरेवर लांब छेद घेऊन मणक्यालगतचे स्नायू हाडापासून सोलून बाजूला ओढून धरत. नंतरची पाठदुखी बरीचशी त्या ओढाताणीची असायची. आता स्नायू कापायचे नाहीत, त्यांच्या धाग्यांमधून वाट काढायची. एकाहून एक जाड नळ्या क्रमाने सरकवून वाट रुंद करतात, आणि शेवटच्या नळीतून मायक्रोस्कोपखाली काम चालतं. दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर छेद जेमतेम एक सेंटिमीटरचा. सलाईनचं पाणी सतत वाहतं, समोरच्या स्क्रीनवर मणक्याच्या आतला पिवळा पडदा दिसतो, त्यामागे दबलेली शीर. तुकडा चिमट्यात येतो तो कुर्लीच्या (खेकड्याच्या) मांसासारखा पांढरट, धागेदार. तो निघाला की चपटी झालेली शीर मोकळी होऊन पाण्यात हलकेच उडताना दिसते. ती तशी उडाल्याशिवाय आम्ही बाहेर पडत नाही, भोक कितीही लहान असो.

याला तुम्ही प्रयोग म्हणालात. या कामात मायक्रोस्कोप 1977 पासून आहे आणि नळीची पद्धत 1997 पासून. उलट, भोक लहान म्हणून निकाल दुपटीने चांगला, असं जाहिरातीत कोणी लिहीत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. 328 रुग्णांवरचा 2009 चा अभ्यास सांगतो की नळीतून केलेलं ऑपरेशन नेहमीच्या मायक्रोस्कोपच्या ऑपरेशनपेक्षा सरस ठरलं नाही. लहान वाटेचा फायदा पहिल्या काही दिवसांत कळतो: रक्त कमी जातं, माणूस लवकर उठतो. मणका जागेवरून सरकलेला असेल तर ही लहान वाट बहुधा पुरत नाही, आणि ते आम्ही एमआरआय बघतानाच सांगतो.

‘नर्स सारखी विचारत होती, लघवी झाली का, लघवी झाली का,’ असं तुम्ही थट्टेने लिहिलंय. तो प्रश्न आमच्याकडे सगळ्यात महत्त्वाचा आहे. भुलेमुळे लघवी अडू शकते, आणि क्वचित आत रक्त साचून शिरांवर दाब आला तरी अडते. म्हणून लघवी झाल्याशिवाय, चालून दाखवल्याशिवाय, खाल्लेलं पोटात टिकल्याशिवाय आणि दुखणं गोळीने आटोक्यात आल्याशिवाय कोणालाही सोडत नाही. घरी सोबत नसेल, हृदयाचा त्रास असेल, तर रात्रभर ठेवतो. वाळपईपर्यंत गाडीत वडील कण्हत होते हे वाचून वाईट वाटलं. वाकून बसलं की गादीवर उभं असण्यापेक्षा जास्त दाब येतो, त्यात आपले रस्त्यांवरचे गतिरोधक. पुढची सीट मागे रेलून न्या, वाटेत थांबून दोन पावलं चालवा, ही सूचना डिस्चार्जच्या कागदावर त्यासाठीच मराठीत छापली आहे.

बिल भोकाच्या मापाने होत नाही. दुर्बीण, नळ्या, ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं सी-आर्म, भूलतज्ज्ञ, हे सगळं छेद लहान असला तरी लागतंच, किंबहुना जास्त लागतं. एक रात्र वाचल्याने बेडचं भाडं तेवढं वाचतं. चोवीस तास ठेवलं नाही म्हणून विमा नाकारतील, ही भीतीही तुम्ही लिहिलीय. नव्या तंत्रामुळे चोवीस तासांच्या आत उरकणारे उपचार पॉलिसीत ‘डे केअर’ म्हणून धरले जातात. तुमच्या पॉलिसीतलं ते कलम काढा, बिलाची फोड आमच्या काउंटरवर मागा, मिळेल.

राहिला बधिरपणा. पायाची कळ बहुधा आधी जाते, ताकद त्यानंतर येते आणि बधिरपणा सगळ्यात शेवटी. महिनाभरात न गेलेला बधिरपणा पुढे काही महिन्यांत कमी होताना आम्ही पाहतो. शीर फार दिवस दबलेली असेल तर थोडा कायमचाही राहतो. हे संमतीपत्रावर सही घेण्याआधी सांगतो, पण त्या वेळी घरच्यांचं लक्ष दुसरीकडेच असतं, हेही खरं.

वडिलांना या आठवड्यात दाखवायला आणा, टाके बघण्यापुरतं नाही, पावलाची ताकद पुन्हा तपासायची आहे. आणि मधल्या काळात पाऊल वर उचलता येईनासं झालं, जांघेत मधोमध बधिर वाटू लागलं, लघवी अडली किंवा ताप येऊन जखम ओली झाली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. डिस्चार्जच्या कागदावरच्या नंबरवर रात्रीही फोन लागतो. आमच्यापर्यंत पोचणं जमणार नसेल तर 108 बोलवून थेट बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज गाठा आणि ऑपरेशनचे कागद सोबत न्या.