मरणाची बातमी आधी घरच्यांची

२३ नोव्हेंबर २०२२च्या रात्री विक्रम गोखले गेल्याची बातमी फिरली. वाहिन्यांच्या पट्ट्यांवर आली, वेबसाइटवर आली, मोठमोठ्या कलाकारांनी ट्विट करून आदरांजली वाहिली. झोपायच्या वेळेपर्यंत माझ्या फेसबुकवर त्यांच्या फोटोंशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. गोखले तेव्हा पुण्यात दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात होते. प्रकृती अत्यवस्थ होती, पण ते हयात होते. नवरा अतिदक्षता विभागात असताना त्यांच्या पत्नीला माध्यमांना सांगावं लागलं की ते अजून आहेत. ते गेले २६ नोव्हेंबरला.

मधले ते दोन-तीन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसांचा फोन सारखा वाजत असणार, पलीकडून कोणीतरी रडत असणार, आणि त्या रडणाऱ्याला शांत करायचं काम ज्यांचा माणूस आत आहे त्यांच्यावरच येत असणार. हे आपण त्यांना करायला लावलं. वाहिन्यांनी सुरुवात केली असेल, पण "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहून पुढे पाठवणारे हात आपलेच होते.

त्यानंतर काही बदललं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. १५ डिसेंबर २०२४ला उस्ताद झाकीर हुसेन सॅन फ्रान्सिस्कोमध्ये रुग्णालयात होते. इकडे रविवारची रात्र होती, तिकडे सकाळ. आपल्यात आणि त्यांच्यात साडेतेरा तासांचं अंतर, आणि तरी आपण त्यांच्या घरच्यांच्या आधी श्रद्धांजली वाहून मोकळे झालो. नातेवाइकांना सांगावं लागलं की थांबा, ते अजून आहेत, प्रार्थना करा. घरच्यांकडून अधिकृत निवेदन आलं तेव्हा भारतात सोमवार उजाडला होता. मग नोव्हेंबर २०२५मध्ये धर्मेंद्र. ११ तारखेला सकाळी देशभर त्यांच्या निधनाच्या बातम्या, मुलीला आणि हेमा मालिनींना जाहीरपणे खंडन करावं लागलं. हेमा मालिनींनी तर हे अक्षम्य आहे अशाच अर्थाचं लिहिलं. धर्मेंद्र गेले २४ नोव्हेंबरला.

चूक जुनीच आहे, हे मला माहीत आहे. मार्च १९७९मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोकमध्ये होते आणि खुद्द पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, आकाशवाणीने बातमी दिली. जेपी त्यानंतर ८ ऑक्टोबरपर्यंत जगले. पण ती चूक एका ठिकाणाहून निघाली होती, त्यामुळे तिथूनच निस्तरता आली. आज ती एकाच वेळी हजार ठिकाणांहून निघते, आणि त्यातल्या कित्येक ठिकाणी ती चूक नसतेच. तो धंदा असतो.

यूट्यूबवर एकदा नीट बघा. कलाकाराचा फोटो कृष्णधवल केलेला, त्यावर हार चिकटवलेला, कोपऱ्यात पेटती समई, बाजूला त्याच्याच बायकोचा कुठल्यातरी मालिकेतला रडतानाचा फोटो आणि वर लाल अक्षरांत "दुःखद". नाव लिहिलेलं नसतं. "या लाडक्या अभिनेत्याची अखेर प्राणज्योत मालवली" एवढंच. आत आठ मिनिटांचा व्हिडिओ, त्यात सहा मिनिटं त्या माणसाचा जीवनपट, आणि शेवटी कळतं की गेलेत ते त्याने पूर्वी केलेल्या एका भूमिकेतले काका, किंवा कोणीच गेलेलं नाही. खाली शेकडो लोकांनी हात जोडलेले. ते लोक मूर्ख नाहीत. बरेचसे आपले आई-वडील, मावशी-आत्या आहेत, ज्यांनी त्या कलाकाराला दूरदर्शनच्या काळापासून घरातलं मानलंय. त्यांना खरोखर वाईट वाटतं म्हणून ते हात जोडतात. त्यांच्या त्या वाईट वाटण्यावर कोणीतरी जाहिरातीचे पैसे कमावतंय, याचा मला मनापासून संताप येतो.

श्रेयस तळपदेंना डिसेंबर २०२३मध्ये हृदयविकाराचा झटका आला, त्यातून ते सुखरूप बाहेर पडले. ऑगस्ट २०२४मध्ये त्यांच्या मृत्यूची अफवा फिरली. त्यांनी सोशल मीडियावर लिहिलं की मी ठणठणीत आहे, आणि पुढे लिहिलं ते वाचून पोटात कालवलं. त्यांची लहान मुलगी आधीच वडिलांच्या तब्येतीच्या काळजीत असते, अशा बातम्यांनी ती आणखी घाबरते, शाळेतही तिला तेच विचारलं जातं. एका मुलीने आपला बाबा जिवंत आहे हे वर्गात सांगायचं! कोणत्या व्ह्यूजची किंमत एवढी आहे?

मी काही वर्षं एका मराठी वेबसाइटच्या डेस्कवर काम केलंय, म्हणून आतलं थोडं सांगते. मोठ्या माणसाची तब्येत बिघडली की मृत्युलेख तयार करून ठेवतात. यात गैर काही नाही, छापील वर्तमानपत्रंही हे पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत, आणि चांगला मृत्युलेख घाईत लिहिता येत नाही. गडबड होते ती त्यानंतर. एका वाहिनीवर पट्टी दिसते. शिफ्ट इन्चार्ज विचारतो, "त्यांनी चालवलंय, आपलं कुठंय?" रिपोर्टर दवाखान्याबाहेर उभा असतो, तो म्हणतो अजून कन्फर्म नाही. तेवढ्यात दुसरी वाहिनी, तिसरी वेबसाइट. आता "सगळ्यांनी दिलंय" हाच दुजोरा ठरतो, आणि त्या सगळ्यांनी एकमेकांचंच बघून दिलेलं असतं. नोटिफिकेशन जातं. खोटं निघालं की मथळा गुपचूप बदलून "प्रकृती चिंताजनक" करतात. लिंक उघडून बघा, वरच्या पत्त्यात इंग्रजीत निधनाचा शब्द तसाच राहिलेला असतो. दिलगिरी शोधूनही सापडत नाही. आणि ज्यांच्या फोनवर पहिलं नोटिफिकेशन वाजलं, त्यांना दुसरं कधी जातच नाही.

मला एक साधा प्रश्न पडतो. ही घाई कोणासाठी? पुण्याजवळच्या खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला तर मुठेकाठच्या माणसाला ते दहा मिनिटं आधी कळणं म्हणजे गाडी, गॅस सिलिंडर, म्हातारी आई वरच्या मजल्यावर नेता येणं. २५ जुलै २०२४ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा लोकांची तक्रार हीच होती की आम्हाला वेळेत कोणी सांगितलं नाही. तिथे धावा. वादळ, दरड, घाटात बंद पडलेली वाहतूक, सगळीकडे धावा. पण एखादा नट गेल्याचं मला रात्री अकराऐवजी पहाटे सहाला कळलं, तर माझं काय बिघडतं? काहीच नाही. घाई फक्त त्या वेबसाइटच्या आकड्यांची असते. आणि आपल्या आतल्या एका सवयीची, की ग्रुपवर मी सगळ्यांच्या आधी टाकलं पाहिजे.

ही सवय फक्त प्रसिद्ध लोकांपुरती राहिलेली नाही. माझा आतेभाऊ जर्मनीत असतो. त्याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या आतोबांना, सासवडहून पुण्याला हलवलं तेव्हा तो मिळेल त्या विमानाने निघाला. मुंबईत उतरला, फोन चालू केला आणि स्टेटसवर एका चुलतभावाने लावलेला आतोबांचा फोटो, खाली समई. मग दुसऱ्याचं. मग फॅमिली ग्रुपवर ओळीने हात जोडलेले. त्याने टॅक्सी केली. एक्स्प्रेसवेवर पूर्ण वेळ तो रडत होता, त्याने घरी कोणाला फोनही केला नाही, कारण आईचा आवाज ऐकायची हिंमत नव्हती. दवाखान्यात पोचला तर आत्या बाहेर बाकावर बसलेली, आणि ती म्हणाली, "आलास? आत्ताच डॉक्टर येऊन गेले, भेटून घे." आतोबा व्हेंटिलेटरवर होते. कोणीतरी कोणाला तरी "आता काही खरं नाही" असं म्हटलं होतं, त्याचं ग्रुपवर पोचेपर्यंत "गेले" झालं होतं.

आतोबा दोन दिवसांनी गेले. स्मशानात आतेभावाच्या डोळ्यात पाणी नव्हतं. नंतर तो मला म्हणाला, "ताई, मी बाबांसाठी टॅक्सीतच रडून घेतलं. ते खरे गेले तेव्हा माझ्याकडे काही उरलंच नव्हतं." ज्या चुलतभावाने स्टेटस लावलं, तो वाईट माणूस नाही. त्याचं आतोबांवर प्रेम होतं. त्याला फक्त थांबायचं सुचलं नाही.

आपल्याकडे थांबण्याची रीत होती. गावात कोणी गेलं तर आधी जवळच्यांना सांगावा जायचा, तो घेऊन जाणारा माणूस ठरलेला असायचा, आणि लेक सासरी असेल तर तिला दारातच एकदम सांगत नसत. "तब्येत जास्त आहे, चल" म्हणून आणायचे. घरी पोचेपर्यंत ती मनाने थोडी तयार व्हायची. ते सगळं परत आणा असं मी म्हणत नाही, अंतरं बदलली आहेत, माणसं परदेशात आहेत. पण कोणी, कोणाला, कधी सांगायचं हे घर ठरवायचं, एवढं तरी फोनच्या काळात जमायला हवं.

आमच्या फॅमिली ग्रुपवर आता ठरलंय की दवाखान्यात असलेल्या माणसाबद्दल फक्त त्याच्या घरातली एक ठरलेली व्यक्ती लिहील. बाकी कोणी फोटो टाकायचा नाही, स्टेटस लावायचं नाही. सुरुवातीला दोन काकांना राग आला, आता तेच इतरांना सांगतात. आणि प्रसिद्ध माणसाची बातमी आली की मी पहिल्या दोन ओळीत बघते, कोणी सांगितलं आहे? मुलाने, पत्नीने, रुग्णालयाने? तिथे "सूत्र" असेल किंवा "अशी माहिती समोर येत आहे" असेल, तर मी ती पुढे पाठवत नाही. ज्यांनी तिचा व्हिडिओ केलाय त्यांना रिपोर्ट करते आणि आईच्या फोनवरूनही करते, कारण तिच्याकडे ते सगळ्यात जास्त येतात.

माझ्या मित्रयादीत निदान तीस-चाळीस पत्रकार असतील, काही तर आज संपादकाच्या खुर्चीत आहेत. तुम्हाला विचारते, आणि खरंच उत्तर हवंय. घरच्यांचा किंवा रुग्णालयाचा दुजोरा आल्याशिवाय निधनाची बातमी द्यायची नाही, असा लेखी नियम तुमच्या डेस्कवर आहे का? नोटिफिकेशन चुकीचं गेलं तर तेवढ्याच फोनवर चूक कबूल करणारं दुसरं जातं का? जात असेल तर कमेंटमध्ये लिहा, मी ते नावानिशी शेअर करेन. जात नसेल तर ते का जात नाही आणि कोण अडवतं, तेही लिहा.