प्रार्थनेच्या यादीत कोण नव्हतं?

परवाच्या उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना झाली. जगभर छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती बंधुभगिनींसाठी देशवार यादी वाचली गेली. मीही आमेन म्हटलं, अगदी मनापासून. घरी येताना मात्र टोचत राहिलं. इराणमधले बहाई, पाकिस्तानातले अहमदी, चीनमधले उइघुर मुसलमान, यांतलं कुणीच त्या यादीत नव्हतं. छळ तोच, फक्त माणसं आपली नाहीत.

तेव्हापासून थॉमस हेल्विस डोक्यातून जात नाहीये. इंग्लंडमधला हा सुरुवातीचा बाप्टिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचा. १६०५ मध्ये काही कॅथलिकांनी राजासकट पार्लमेंट उडवून द्यायचा कट केला होता, तो फसला आणि कॅथलिक म्हणजे देशद्रोही हे लोकांच्या मनात पक्कं बसलं. हेल्विसलाही कॅथलिकांचा पुळका नव्हता, पोपच्या सत्तेवर त्याने सडकून टीका केली आहे. हॉलंडमध्ये सुखरूप होता, तरी मायदेशी परतला. १६१२ मध्ये पुस्तक काढलं आणि त्यात लिहिलं की पाखंडी असोत, तुर्क असोत, यहुदी असोत, श्रद्धेपायी त्यांना शिक्षा करणं हे राजसत्तेचं कामच नव्हे. (तुर्क म्हणजे त्या काळच्या बोलीत मुसलमान.) कॅथलिकांनाही त्याने यातून वगळलं नाही. राजासाठीच्या प्रतीवर स्वतःच्या हाताने लिहिलं: राजा मर्त्य माणूस आहे, देव नव्हे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये दोघांना पाखंडी ठरवून जिवंत जाळलं होतं. हेल्विसला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं, आणि १६१६ च्या सुमारास तो गेला.

सगळे धर्म सारखेच, असं हा माणूस कधीच म्हणाला नाही. समोरचा साफ चुकतोय असं मानूनही तो त्याच्या बाजूने तुरुंगात गेला. मला जड जातं ते हेच.

‘सत्य आपल्याकडे आहे, मग असत्याला मोकळीक कशाला?’ हा प्रश्न मी मंडळीत कितीदा ऐकलाय. बायबलमधल्या प्रकटीकरणातला ख्रिस्त दाराशी उभा राहून ठोठावतो. दार फोडत नाही. जे प्रभूने केलं नाही ते शिपाई पाठवून आपण कसं करणार?

केलंय म्हणा आपण. १५५३ मध्ये त्रैक्य नाकारणाऱ्या सर्व्हेटसला पाखंडी म्हणून जिनिव्हात जाळलं ते प्रोटेस्टंटांनीच. कॅथलिक चर्चच्या महासभेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला तो थेट १९६५ मध्ये.

आणि हिटलरच्या जर्मनीतले पाळक मार्टिन नीमोलर. १९३३ मध्ये त्यांनी पाळकांची संघटना उभारली, तिचा विरोध होता तो ज्यू वंशाच्या पाळकांना चर्चमधून काढण्याला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ज्यूंसाठी आपण गप्प राहिलो, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं. तोवर छळछावणीत राहून आले होते. म्हणजे त्यांचीही यादी आपल्यासारखीच होती.

शेवटी पाळकसाहेबांना फोन केला. म्हणाले, “लोक विचारतील ना, त्यांच्यासाठी आपण का?” मी म्हटलं, “साहेब, मागच्याच महिन्यात तुम्ही परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्यावर संदेश दिलात.” हसले. “बरं, नावं पाठवा लिहून.”

पाठवली. पाचच मिनिटांत त्यांचा मेसेज आला: बहाई म्हणजे नेमके कोण हो?