रिपोर्ट नॉर्मल, मग पंप कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

ॲलर्जीच्या सगळ्या टेस्ट नॉर्मल येऊनही दमा कसा असतो, यावर मी लिहिलं आणि त्याखाली तुम्ही सणसणीत प्रतिक्रिया दिलीत. इतरांसाठी ती थोडक्यात सांगते. रिपोर्टमध्ये काही निघालं नाही म्हणजे आजारच नाही. मी उगाच दम्याच्या पंपाला (इन्हेलरला) चिकटलेय आणि लोकांना घाबरवतेय. खान्देशातली माणसं धूळ-धूर खाऊनच मोठी झाली, भरीत पार्टीत धुराकडे पाठ करून बसणं हे शहरी नखरे. तुम्ही स्वतः जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, आयुष्य काढलंत, हंगामात खोकला येतो तो तिथे सगळ्यांनाच येतो. प्राणायाम करा, पंप फेका. आणि घरात लग्नाची मुलगी असताना असलं जाहीर लिहू नका.

शेवटचं आधी घेते, ते लवकर संपेल. ज्या घराला सुनेच्या आईचा पंप खटकतो, त्या घरात आम्हालाच पोरगी द्यायची नाही.

आता रिपोर्ट. हातावर थेंब टाकून सुईने टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी गांधी उठली का ते बघतात, किंवा रक्त काढून तपासतात. दोन्हीकडे शोधतात ते एकच: यादीतल्या वस्तूंविरुद्ध शरीरात आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार झालीत का. छातीतल्या नळ्या आवळतात की नाही, हे त्या कागदावर नसतंच. आमच्या सासूबाई तुमच्याच पक्षातल्या. त्या म्हणायच्या, "रिपोर्टमा काहीच नही, मंग खोकलस कसाले?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर डॉक्टरांनी द्यायला हवं होतं. मला मात्र ज्यांनी टेस्ट केली त्यांनी "टेन्शन घेऊ नका" एवढंच सांगून घरी पाठवलं.

ॲलर्जी सापडत नाही असा दमा असतो, हे काही नवं खूळ नाही. रॅकमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४७ मध्येच दम्याचे दोन गट मांडले होते, बाहेरच्या वस्तूची ॲलर्जी सापडणारा आणि न सापडणारा. दुसरा बहुधा मोठेपणी सुरू होतो आणि बायकांमध्ये जास्त दिसतो. माझा चाळिशीनंतरच सुरू झाला.

शिवाय टेस्ट चुकवायच्याही वाटा आहेत. सर्दीची सेटिरिझिनसारखी गोळी काही दिवस आधी बंद केली नाही, तर ॲलर्जी असूनही कातडीवर गांधी उठत नाही. तुमचा त्रास ज्या वस्तूचा, ती यादीतच नसेल तर ती सापडणार कुठून? काहींची प्रतिपिंडं फक्त नाकाच्या आतल्या अस्तरात असतात, हातावर आणि रक्तात सगळं साफ. गाजर गवताने अंगावर पुरळ उठतं ना, ते तर वेगळ्याच वाटेने येतं. त्यासाठी पाठीवर ४८ तास पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात. टोचण्याच्या टेस्टमध्ये ते दिसत नाही. आणि दम्याच्या काही रोग्यांना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळीने जोराचा अटॅक येतो. त्यामागेही आयजीई नाही, आणि ते सांगणारी रक्ताची साधी टेस्टही नाही. ज्यांना दमा आहे आणि नाकात मस (पॉलिप) वाढलेत, त्यांनी मेडिकलवरून अशी गोळी परस्पर घेऊ नये. हे मूळ लेखात राहिलं होतं, तुमच्या निमित्ताने सांगून झालं.

पण खरा मुद्दा धुराचा आणि धुळीचा, कारण तुमचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

नंदुरबारला हंगामात मिरचीच्या पथारीजवळून तुम्ही गेला असालच. लालभडक मिरची उन्हात पसरलेली, वारा आपल्याकडे फिरला की रुमाल तोंडावर. तिथे ठसका लागलेल्या शंभर माणसांची मिरचीची टेस्ट केली, तरी बहुतेकांची नॉर्मलच येईल. मिरचीतलं कॅप्सेसिन प्रतिपिंडांच्या भानगडीत पडत नाही, ते थेट मज्जातंतूंच्या टोकांवरच्या एका ग्राहीला (रिसेप्टरला) जाऊन भिडतं. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये तो ग्राही शोधला तो कॅप्सेसिन हाताशी धरूनच, आणि २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. (आपल्या ठसक्याला नोबेल मिळालं असं मी घरी सांगते, कुणी हसत नाही.) ठसका तुम्हालाही लागतो, मलाही. तुमचा पाण्याच्या घोटाने थांबतो. माझ्या नळ्या आधीच सुजलेल्या, त्या तेवढ्या चिथावणीने आवळतात आणि छातीत शिट्टी वाजायला लागते. पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) धूर, उदबत्ती, डासांची कॉइल, पहाटेची थंड हवा, सगळ्यांची गत तीच. भरीत पार्टीला मी जाते, दोन भाकरी जास्तच खाते, फक्त वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसते. यात शहरी काय आहे? शेकोटीशी आमचे आजोबाही धूर बघूनच जागा धरायचे.

आणि धूळ-धूर खाऊन माणसं मोठी झाली म्हणता. झाली. पण खोकून खोकून रात्र बसून काढणारी म्हातारी माणसंही प्रत्येक गल्लीत होती. त्यांना कुणी फुंकायच्या मशीनवर बसवलं नाही, म्हणून त्यांचा आजार कुठल्या कागदावर आला नाही.

नॉर्मल रिपोर्ट फुकट गेला असंही मी म्हणत नाही. आपल्याकडे दम लागला की पहिलं केळं बंद, मग दही, मग भात. जळगाव जिल्ह्यात राहून केळं सोडायचं! रिपोर्ट आल्यावर मी ते सगळं पुन्हा सुरू केलं. ॲलर्जीची लस घेण्याचा महागडा सल्लाही मिळाला होता, तो तिथेच निकालात निघाला. टेस्टमध्ये ॲलर्जीच सापडली नाही तर लस द्यायची कशाची?

पंपाबद्दल. त्यातल्या स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम, आणि ते थेट नळ्यांत जातं. लोक पंपाला भितात आणि कुठल्याशा पुड्या बिनधास्त खातात. अशा काही पुड्यांत स्टेरॉइडच मिसळलेलं सापडलंय, तेही पोटातून सगळ्या अंगात जाणारं. कोजागिरीच्या खिरीतलं औषध आणि हैदराबादला दम्यावर गिळायला देतात तो मासा, दोन्ही आमच्या नात्यात होऊन गेलेत. पंप त्यांनाही लागतोच. तात्पुरता आराम देणारा पंप एकट्यानेच वापरत राहणं मात्र चूक. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून मोठ्या माणसांसाठी ते बाद केलंय, सूज उतरवणारं औषध सोबत हवंच. प्राणायाम मी करते. बरं वाटतं, घाबरायला कमी होतं. सूज त्याने उतरत नाही.

आता तुमचा खोकला. तुम्ही तो एका ओळीत उडवलात, मी तिथेच थांबले. हंगामात जिनिंगमध्ये छाती भरते, साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त आवळते, पुढच्या दिवसांत जरा सैल पडते, असं होतं का? तसं असेल तर त्याला बिसिनोसिस म्हणतात. कापसासोबत येणारा पाला-कचरा आणि त्यावरच्या जिवाणूंचं विष यामुळे तो होतो. कापसाची ॲलर्जी टेस्ट करून काहीही निघणार नाही. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या जुन्या कायद्याच्या यादीतही कापसाच्या धुळीचा हा आजार होता. "सगळ्यांनाच येतो" हे खरं असेल, तर ते जास्त काळजीचं आहे.

तुम्हाला ॲलर्जीची टेस्ट नको, फुंकायची टेस्ट हवी, स्पायरोमेट्री. एकदा जोरात फुंकायचं, मग औषध ओढून पंधरा मिनिटांनी पुन्हा. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिलीने वाढली, तर दम्याकडे बोट जातं. वाढली नाही तरी एकूण आकडे किती कमी आहेत ते कळतं. माझी पहिली टेस्ट बरी असताना झाली आणि तीही नॉर्मल आली होती, म्हणून जिनिंग बंद असताना जाऊ नका. हंगाम सुरू असताना, त्यातही सुट्टीनंतरच्या दिवशी कामाची पाळी संपल्यावर जा. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे छातीच्या ओपीडीत विचारा, आणि कुठे काम करता ते डॉक्टरांना आधी सांगा. ते बहुतेक विचारत नाहीत.