खाण बंद होते आहे? प्रशिक्षणाचा निधी असा खर्च करावा

आपल्या अखत्यारीतील कोळसा खाणी बंद होणार असतील, तिथल्या कामगारांचे पुढे काय हा प्रश्न कोणीतरी भर सभेत विचारला असेल आणि उत्तर देण्याची जबाबदारी आपल्यावर येऊन पडली असेल, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर फार पूर्वीच तयार झालेले आहे. ते म्हणजे पुनर्प्रशिक्षण. या शब्दाला उजवे हरकत घेत नाहीत, डावे घेत नाहीत आणि खाणमालक तर मुळीच घेत नाहीत, कारण त्यांच्या खिशातून त्यासाठी काही जात नाही. शिवाय या उत्तराची एक अंगभूत सोय अशी की खाण का बंद पडली, नफा कुठे गेला, गावाला पर्याय कोणी दिला नाही, या साऱ्या अवघड प्रश्नांचे रूपांतर ‘कामगाराला काय येत नाही’ या एकाच सोप्या प्रश्नात होते. अमेरिकेतील कोळसा खाणींत १९२३ च्या सुमारास आठ लाखांहून अधिक माणसे होती आणि आज पन्नास हजारही नाहीत. कोळशाच्या उत्पादनाचा उच्चांक मात्र २००८ साली गाठला गेला, म्हणजे बहुतेक नोकऱ्या कोळसा संपल्यामुळे नव्हे, तर यंत्रे आल्यामुळे गेल्या. अशा आकडेवारीत आपण शिरू नये. यंत्रांच्या मालकांना प्रशिक्षण देण्याची कोणतीही योजना सध्या उपलब्ध नाही.

अभ्यासक्रम निवडताना त्या भागात कोणती कामे आहेत याची आधी चौकशी करू नये, कारण तशी चौकशी केल्यास कामेच नाहीत असे निष्पन्न होण्याचा धोका असतो. राजधानीत जो विषय आधुनिक वाटतो तो निवडावा. या बाबतीत संगणकाच्या प्रोग्रॅमिंगची बरोबरी दुसरा कोणताही विषय करू शकत नाही. जो भट्टीत कोळसा टाकू शकतो तो प्रोग्रॅमिंगही शिकू शकतो, अशा आशयाचे विधान जो बायडेन यांनी २०१९ च्या अखेरीस न्यू हॅम्पशायरमधील एका प्रचारसभेत केले होते. आजच्या यांत्रिक खाणीत फावड्याने भट्टी पेटती ठेवणारा कोणी नसतो. तिथे कोळशाचा थर कापणारी अजस्र यंत्रे चालवणारे, उच्च दाबाची वीज सांभाळणारे, मिथेनचे प्रमाण मोजणारे आणि छताला आधार देणारी जॅकची रांग अंधारात दुरुस्त करणारे लोक असतात. ही माहिती आपण स्वतःपुरतीच ठेवावी. कामगाराला आधीच काही येते असे एकदा मान्य केले की त्याच्या कौशल्याला खाणीबाहेर मान्यता मिळवून देणे, खाणीतल्या विजेच्या कामाचा परवाना इमारतीतल्या कामालाही लागू करून घेणे, असली किचकट आणि छायाचित्र काढण्याजोगी नसलेली कामे मागे लागतात. त्यापेक्षा पंचवीस वर्षांच्या अनुभवी माणसाला पहिल्या बाकावर बसवून माऊस कसा धरावा येथून सुरुवात करणे केव्हाही श्रेयस्कर.

यशोगाथा लागेलच, आणि ती मिळतेही. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील पाईकव्हिल येथे २०१५ साली एका छोट्या कंपनीने खाणीतून आलेल्या लोकांना प्रोग्रॅमिंग शिकवले आणि ते लोक खरोखर शिकले. भाषणात एवढेच सांगावे. जागा दहा-अकरा होत्या आणि अर्ज नऊशेहून अधिक आले होते, हा तपशील श्रोत्यांचा उत्साह कमी करतो. त्या कंपनीने माणसे आधी नोकरीवर घेतली आणि मग शिकवली, हा तपशील तर अजिबात बाहेर येऊ देऊ नये, कारण मग आधी नोकरी कुठे आहे असा प्रश्न इतर गावेही विचारू लागतील.

आता निधीच्या रचनेकडे वळू. वर्ग मोफत ठेवावा. मात्र वर्गात बसलेल्या माणसाचे घर त्या काळात कसे चालेल, हा विषय त्याच्या कुटुंबाचा खासगी मामला समजावा. वरकड पाळ्या करून चांगला पगार घरी नेणारा माणूस, ज्याच्या घराचे हप्ते खाणीच्या भरवशावर ठरलेले आहेत आणि ज्याच्या घराला खाण गेल्यावर गिऱ्हाईक उरलेले नाही, तो सहा महिने विनावेतन का शिकत नाही, याचे आश्चर्य आपण वेळोवेळी जाहीरपणे व्यक्त करावे. कॅनडातील अल्बर्टा प्रांताला एवढा साधा व्यवहार कळला नाही. तिथे २०१७ साली कोळसा कामगारांसाठी चार कोटी डॉलरचा निधी काढला, शिक्षणासाठी प्रत्येकी १२,००० डॉलरपर्यंतचे व्हाऊचर दिले आणि तेवढ्यावर न थांबता बेरोजगारी विम्यात भर घालून कामगाराचे उत्पन्न काही काळ जुन्या पगाराच्या ७५ टक्क्यांपर्यंत नेण्याची तरतूद केली. माणसाला पोटाची काळजी नसली की तो अभ्यासक्रमाबद्दल प्रश्न विचारू लागतो, हे कोणत्याही प्रशासकाने ध्यानात ठेवावे.

वेळेच्या बाबतीत नियम एकच आहे. खाण बंद होण्याची तारीख कंपनीला, बँकेला आणि शेअरबाजाराला कळलेली असली तरी प्रशिक्षणाची घोषणा तिच्या आधी करू नये. वरातीमागून घोडे निघाले म्हणून आजवर कोणाही अधिकाऱ्याला नोटीस गेल्याचे ऐकिवात नाही. केंटकीतीलच हार्लन परगण्यात २०१९ च्या उन्हाळ्यात एक कंपनी अचानक दिवाळखोरीत गेली, कामगारांचा केलेल्या कामाचा पगारही बुडाला आणि ते कोळशाने भरलेली गाडी अडवून रुळांवर ठाण मांडून बसले. अशा प्रसंगी मागचा पगार मागणाऱ्याच्या हाती पुढच्या कौशल्याचे माहितीपत्रक ठेवावे.

मधल्या काळात कोळसा परत येणार आहे हे आश्वासनही चालू ठेवावे. प्रशिक्षण आणि पुनरागमन ही दोन्ही आश्वासने एकाच व्यासपीठावरून देण्यास कोणत्याही कायद्याने बंदी नाही, आणि त्यांचा एकत्रित परिणाम उत्कृष्ट होतो. पेन्सिल्व्हेनियाच्या नैर्ऋत्य भागात २०१७ साली सरकारी खर्चाने चालणाऱ्या वर्गांतल्या जागा रिकाम्या राहिल्या, कारण कोळशाचे दिवस परत येणार असे नव्या राष्ट्राध्यक्षांनी सांगितले होते आणि खाणकामगारांनी त्यावर विश्वास ठेवला होता. त्याच वर्षी त्याच सरकारने अ‍ॅपलाचियन या पूर्वेकडील डोंगराळ कोळसा प्रदेशाच्या विकासासाठी १९६५ पासून काम करणारा आयोगच मोडीत काढण्याचा प्रस्ताव अर्थसंकल्पात मांडला. अमेरिकी संसदेने तो मानला नाही, हा भाग निराळा. आपण यातून एवढेच घ्यावे की रिकाम्या खुर्च्यांचे छायाचित्र जपून ठेवले असता कामगारांनाच शिकायचे नाही हे पुराव्यानिशी सिद्ध करता येते आणि शिल्लक रक्कम अन्यत्र वळवता येते.

पात्रतेची व्याख्या काळजीपूर्वक आखावी. ज्याच्याकडे कंपनीचे ओळखपत्र आणि पगारपत्रक आहे तोच कामगार. ठेकेदाराचा माणूस, ट्रकचालक, खानावळ चालवणारी बाई आणि खाणीच्या करावर शाळा चालवणारी नगरपालिका हे फक्त परिसरात राहणारे लोक होत. दक्षिण आफ्रिकेतील कोळशावरचे कोमाती वीजकेंद्र २०२२ च्या ऑक्टोबरअखेरीस बंद झाले आणि लगेचच जागतिक बँकेने त्याच्या रूपांतरासाठी ४९ कोटी ७० लाख डॉलर मंजूर केले. कायम कर्मचाऱ्यांना सरकारी वीज कंपनीने दुसरीकडे सामावून घेतले आणि कंत्राटी कामगार घरी गेले. न्याय्य स्थित्यंतराचा, म्हणजे कामगारांना वाऱ्यावर न सोडता कोळसा सोडण्याचा, नमुना म्हणून या केंद्राला भेट देणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था मात्र चोख ठेवावी लागते.

बेरोजगारीचा आकडा वाढू द्यायचा नसेल, तर ब्रिटनचा अनुभव मार्गदर्शक ठरेल. १९८४-८५ च्या संपानंतर तिथे खाणी एकामागून एक झपाट्याने बंद झाल्या, आणि कोळसा पट्ट्यातील हजारो पुरुष बेरोजगारांच्या यादीऐवजी आजारपणाच्या भत्त्याच्या यादीत गेले. फुप्फुसात धूळ आणि गुडघ्यांत दुखणे सर्वांच्याच होते, त्यामुळे त्यात खोटे असे काही नव्हते. आकडा मात्र सुंदर दिसला. पुढे गुंतवणूकही आली. डर्बीशायरमधील शायरब्रुक येथे १९९३ साली बंद झालेल्या खाणीच्या जागी एका मोठ्या दुकानसाखळीचे गोदाम उभे राहिले, आणि तिथली कामाची पद्धत व्हिक्टोरियाकालीन निराधारांच्या श्रमगृहाशी जुळते, असे संसदेच्या समितीने २०१६ साली नमूद केले. समितीने काय नमूद केले ते सोडून द्यावे. निर्माण झालेल्या रोजगारांच्या तक्त्यात भरण्यासाठी तिथल्या नोकऱ्यांची संख्या उपयोगी पडते.

जर्मनीच्या रूर खोऱ्याची सहल मात्र कोणालाही घडवू नये. तिथल्या लोकांनी हा सगळा प्रकार अक्षम्य संथपणे केला. १९५७ साली जर्मनीच्या दगडी कोळशाच्या खाणींत सुमारे सहा लाख माणसे होती, आणि शेवटची खाण बोट्रॉप येथे २०१८ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. एवढे काम एका निविदेत उरकण्याऐवजी त्यांनी साठ वर्षे घेतली. १९६८ साली बहुतेक खाणी एका कंपनीत एकत्र केल्या, एक खाण बंद झाली की तिथला माणूस दुसऱ्या खाणीत नेला, वयाची पन्नाशी गाठलेल्या भूमिगत कामगाराला निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत समायोजन भत्ता दिला, आणि २००७ साली अनुदान संपवण्याचा निर्णय घेतानाही अकरा वर्षांची मुदत ठेवली. ज्या खोऱ्यात एकही विद्यापीठ नव्हते तिथे १९६५ साली बोखुममध्ये विद्यापीठ उघडले, म्हणजे खाणकामगाराला काही शिकवण्याआधी त्याच्या मुलीला शिकवण्याची सोय केली. यात प्रशिक्षणाला स्थान होते, पण ते पगार, निवृत्तिवेतन, संघटनेची सही आणि हातात असलेली दुसरी नोकरी या सगळ्यांच्या मागून येत होते. इतक्या वस्तू एकत्र घ्याव्या लागतात हे एकदा लोकांना कळले, तर निव्वळ वर्ग भरवून मोकळे होणे आपल्याला जड जाईल. कोणी रूरचे फारच कौतुक करू लागला, तर बोखुममध्येच जुन्या खाणीच्या जागेवर १९६२ साली उभा राहिलेला मोटारींचा कारखाना २०१४ साली बंद पडला, हे त्याला अवश्य सांगावे. ते खरेही आहे. त्यावर त्याने खाण बंद पडणे आणि कारखाना बंद पडणे यांच्या मध्ये बावन्न वर्षांची पगाराची नोकरी होती असे म्हटले, तर विषय बदलावा.

स्पेनने खाणी बंद करताना २०१८ साली कामगार संघटनांशी करार करून २५ कोटी युरो आणि अठ्ठेचाळिशी ओलांडलेल्यांना लवकर निवृत्ती देऊ केली. त्याबद्दलही मौन पाळलेले बरे.

उरला हिशेब. यशाचे मोजमाप वाटलेल्या प्रमाणपत्रांवरून करावे आणि ते प्रमाणपत्र वाटपाच्या दिवशीच करावे. अमेरिकेत आयातीमुळे नोकरी गेलेल्यांना साहाय्य आणि प्रशिक्षण देणारी योजना १९६२ पासून चालू होती, आणि तिचे सविस्तर मूल्यमापन २०१२ साली प्रसिद्ध झाले. नोकरी गेल्यानंतर चौथ्या वर्षीही लाभार्थ्यांची कमाई तशाच इतर बेरोजगार झालेल्या कामगारांपेक्षा कमी असल्याचे त्यात आढळले. चूक योजनेची नव्हती, चार वर्षे थांबून मोजणाऱ्यांची होती. आपण ३१ मार्चच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र जोडून फाइल बंद करावी. चौथे वर्ष उजाडेल तेव्हा आपली बदली झालेली असेल, आणि त्याच गावासाठी नव्या निधीचा प्रस्ताव आपल्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर असेल. त्यांना मसुदा नव्याने करावा लागू नये म्हणून आपला मसुदा जपून ठेवावा. त्यात फक्त प्रोग्रॅमिंग खोडून तिथे बॅटरीनिर्मिती असे लिहावे लागेल.