अरे, विचारून तरी द्या!

आधी वाढदिवस, मग नाताळ. घरात पाच नवी पुस्तकं आली आणि त्यातलं एकही मला हवं असलेलं नाही. मी वाचते हे सगळ्यांना ठाऊक आहे. काय वाचते, हे एकालाही विचारावंसं वाटत नाही! यशाचे मंत्र, श्रीमंतीची सूत्रं, पहाटे उठायचे फायदे. मावशीने दिलेलं तर गेल्या वर्षी मामेभावाने दिलंच होतं. पहिल्या पानावर शाईने नाव आणि आशीर्वाद, म्हणजे दुकानात बदलूनही मिळत नाही. वर पंधरा दिवसांनी फोन, "वाचलंस गो?"

म्हापशातलं आमचं घर जुनं, कौलारू. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल. कपाटात दाटीने कोंबलेल्या पुस्तकांना वारा लागत नाही, पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी चढते, पानं फुगून वाकडी होतात. सुक्या फडक्याने एकेक पुसत मीच बसते. टाकवत नाहीत, पुस्तकं आहेत ती!

१८३२ साली सुरू झालेलं मध्यवर्ती ग्रंथालय पणजीत पाटोला आहे, वाचायला मी तिथून आणतेच. विकत हवेत ते मोजके कवितासंग्रह. यादी तयार आहे. एक फोन करा ना, लगेच वाचून दाखवते.