गाडीची हवा गुल

गाडी सर्व्हिसिंग करून आणली आणि दुसऱ्याच दिवशी गायमुखच्या चढावर तिने मान टाकली. बंद पडली नाही हं, बंद पडली असती तर निदान टोइंगवाल्याला फोन करता आला असता. ही नुसती आचके द्यायची, ॲक्सिलरेटर दाबला की आधी विचार करायची आणि मग मूड असेल तर पुढे जायची. घोडबंदर रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकण्यात काही लाज नाही, सगळेच अडकतात, पण रस्ता मोकळा आणि मागे डंपर हॉर्न मारतोय अशा वेळी रांगणं म्हणजे पार इज्जत जाते.

पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं तर सल्लागार मंडळ हजर. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले पेट्रोलमध्ये पाणी आहे, वॉचमन म्हणाला प्लग गेलेत, बायको म्हणाली विकून टाक. गॅरेजवाला फोनवरच, "साहेब, फ्युएल पंप असेल, घेऊन या, टाकून देतो." म्हणजे पैसे माझे आणि ‘असेल’ त्याचं.

शेवटी भाच्याचा ब्लूटूथ स्कॅनर स्टीअरिंगखालच्या पोर्टला लावला. बिघाडाचे कोड आले पी०१०१ आणि पी०१७१. पहिला म्हणतो एअरफ्लो सेन्सरचं रीडिंग पटत नाहीये, दुसरा म्हणतो मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. हा सेन्सर एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, यांच्या मध्ये बसतो, आत तापवलेली बारीक तार असते, येणारी हवा तिला गार करते आणि तिला परत तेवढीच गरम ठेवायला किती करंट लागला त्यावरून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळतं की हवा किती आली. मग १४.७ ग्रॅम हवेला एक ग्रॅम पेट्रोल अशा हिशोबाने वाटप. सेन्सरनेच हवा कमी सांगितली तर बिचारं इंजिन उपाशीच राहणार ना.

म्हटलं बघू तरी, इंजिन बंद करून सेन्सरचा कनेक्टर काढला, परत स्टार्ट मारला. चेक इंजिनचा दिवा तसाच, पण गाडी एकदम शहाणी! ईसीयू आता स्वतःच्या अंदाजाने पेट्रोल देत होता. सेक्रेटरी आले नाहीत की सोसायटीची मीटिंग कशी वेळेत संपते, तसंच.

मग दोन स्क्रू काढून सेन्सर बाहेर घेतला. त्यावर हवेच्या दिशेचा छोटासा बाण असतो, तो इंजिनकडे हवा, आमचा फिल्टरकडे बघत होता! बिलात ‘सेन्सर क्लिनिंग’ लावलेलं होतंच, तेव्हा साफ करून पठ्ठ्याने उलटा ठोकला होता, आणि स्क्रूची भोकं सारखी असल्यामुळे तो बसलाही निमूटपणे. ओ-रिंग, म्हणजे हवा गळू नये म्हणून असलेली रबरी रिंग, नीट बघून सुलटा बसवला, कोड क्लिअर केले, आणि गायमुख चढून आलो, थर्डमध्ये.

गॅरेजवाल्याला फोन करून सगळं ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चला साहेब, म्हणजे पंप चांगलाय तुमचा."