चोरबाजारात अजूनही मिळतं, फक्त लवकर जा
लेखात म्हटलंय की मुंबईच्या चोरबाजारात आता जुन्या ऑडिओ सामानाचं चांगलं काही उरलं नाही, मला अजिबात नाही पटलं. तिथल्या मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुमा बाजार भरतो, खरा माल तिथे, टॉर्च घेऊन जा. मला सोनीचा कॅसेट डेक ११०० ला मिळाला, विक्रेता १८०० सांगत होता, मोटर फिरल्याचा आवाज येत होता पण चाकं हलेनात म्हणून त्याने कमी किमतीत दिला. घरी उघडला तर आतला रबरी बेल्ट वितळून अक्षरशः डांबर झालेला, स्पिरिट लावून कापसाने पुसत बसलो, बोटं दोन दिवस काळी, मग लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवीन बेल्ट आणून टाकला आणि काय सुरेख वाजतोय!
स्पीकर घेताना वूफरच्या (मोठ्या, खालचे सूर देणाऱ्या स्पीकरच्या) कडेचा फोम बोटाने हलकेच दाबून बघा, आपल्या दमट हवेत त्याचा भुगा होतो. आणि कुठल्याही मशीनच्या मागची व्होल्टेज लिहिलेली पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू देऊ नका प्लीज, जपानमध्येच विकण्यासाठी बनवलेलं मॉडेल १०० व्होल्टचं असतं, आपल्या २३० वर लावलं की गेलंच, व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो त्याला.